काका, मामाचं पेन अजून तडकलेलं नाही!

काका, नमस्कार.

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय" म्हणून विषय बदलता, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी आजोळचा फणस वादळात पडला. आजोबांनी लावलेला. मामाने त्यातला एक ओंडका फाडून पुण्याला पाठवला आणि मी घाईघाईने लेथवर कातून त्याची पेनं केली, घरातल्या प्रत्येकाला एक. फणसाचा तो हळदीसारखा पिवळा रंग आणि वरून सीए ग्लूचे, म्हणजे सुपरग्लूचे, दहा-बारा हात, काचेसारखी चकाकी आली होती. महिन्याभरात मामाच्या पेनाला टोकापासून केसाएवढी चीर गेली, मग आईच्या, मग मावशीच्या. मामा काही बोलला नाही, पण पेन खिशाला लावायचं बंद केलं त्याने. फार लागलं मला ते.

मी ग्लू बदलला, हात वाढवले, लवकर सुकावा म्हणून अ‍ॅक्सिलरेटर फवारला तर बुडबुडे आणि पांढुरके डाग वेगळेच. शेवटी तुम्हाला फोन केला. तुम्ही ग्लूचं नावही काढलं नाहीत, पहिला प्रश्न, "लाकडाचं वजन किती?"

मग सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्यायला लावलात. प्रत्येक ब्लँकवर, म्हणजे पेनासाठी कापलेल्या लाकडाच्या तुकड्यावर, पेन्सिलने तारीख आणि वजन. एकावर अजून दिसतंय बघा, 31.4 ग्रॅम, खाली 28.9, मग 27.1, आणि सात आठवड्यांनी 26.2 वर येऊन काटा थांबला तो थांबलाच. म्हणजे मुठीत मावेल एवढ्या लाकडात पाच ग्रॅम पाणी होतं आणि मी त्यावर काच चढवत होते! लाकूड सुकताना आकसतं, आतली पितळी नळी आकसत नाही, वरचा ग्लू ठिसूळ, मग चीर जाणारच, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की ग्लूवरचा राग तिथेच गेला.

दुसरं म्हणजे टोकं. लेथवरून काढल्यावर ब्लँकची दोन्ही तोंडं उघडी राहतात आणि मी तशीच मायक्रोमेशने, म्हणजे अगदी बारीक पॉलिशपेपरने, पाणी लावून घासत होते, पाणी थेट आत. आता घासायच्या आधी तोंडांना पातळ ग्लूचं बोट फिरवते. नळीच्या आत सांडलेला ग्लू खरवडून काढते, नाहीतर पार्ट दाबून बसवताना नेमकं टोकच फाटतं. हात पातळ देते, घासताना बोटाला चटका लागला की थांबते. अ‍ॅक्सिलरेटर जवळजवळ बंदच, सीए हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो त्यामुळे पावसाळ्यात तर तो लागतच नाही.

ते लाकूड सुकेपर्यंतचे सात आठवडे तुम्ही दर रविवारी आठवणीने "काटा काय म्हणतो?" विचारायचात, ते मी कधी विसरणार नाही काका.

मामाचं नवीन पेन कोकणातला अख्खा पावसाळा आणि मे महिना काढून आलंय. भिंगाखाली दोन्ही टोकं तपासली, चीर नाही. रंग तेवढा पिवळ्याचा मधासारखा झालाय. परत खिशाला लागलंय ते.

त्याच फणसाचा शेवटचा ब्लँक तुमच्यासाठी ठेवलाय. तीन आठवडे 26.0 वर स्थिर आहे, सोमवारी लेथवर घेतेय. कुरियर नको, मीच आणून देते, घरी कधी आहात तेवढं सांगा.