आपल्या गावाची शिरगणती: माणसं हवीत, कागद हवेत, थोडे पैसेही

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, माहेरवाशिणींनो आणि गावात भाड्याने राहणाऱ्या मंडळींनो,

परवानगीशिवाय, गरजेपोटी बांधलेल्या घरांची बैठक असो की संपादित जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के भूखंडांची, आपण तावातावाने "शेकडो कुटुंबं" म्हणतो. समोरचा अधिकारी शांतपणे विचारतो, "म्हणजे किती?" तिथे आपण गप्प होतो.

एके काळी जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावागावाची वेगळी ओळ असायची: घरं, पुरुष, बायका, साक्षर, शेतकरी, शेतमजूर. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. १९९२ ला महापालिका आली आणि आपली ओळ वॉर्डाच्या बेरजेत बुडाली. २०११ ला नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११,२०,५४७ होती. त्यात गावठाणातले किती आणि सिडकोने वसवलेल्या सेक्टरमधले किती, ते त्या आकड्यावरून कळत नाही.

म्हणून मंडळाने घरोघर जाऊन गाव मोजायचं ठरवलं आहे. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातही नोंदली जाणार आहे. आगरी-कोळ्यांसारख्या जातींचे जनगणनेतले छापील आकडे आहेत ते थेट १९३१ चे! सरकारी प्रगणक आला की त्याला माहिती द्यायचीच. आपली वही त्याशिवायची.

सर्वांत जास्त गडबड बायकांच्या कामात होते. पहाटे उठून मासळी आणणारी, दुपारपर्यंत नाक्यावर पाटी घेऊन बसणारी बाई "काम करता का?" या प्रश्नाला "नाय, घरीच असते" म्हणते, आणि कागदावर बिनकामाची ठरते. जनगणनेत वर्षाला सहा महिने काम असेल तर मुख्य कामगार, त्याहून कमी असेल तर सीमांतिक. पावसाळ्यात बसून राहणाऱ्या घरांत हा हिशेब महिना-महिना विचारूनच लागतो. त्यामुळे प्रश्न विचारायला गावच्याच मुली हव्यात. आगरी बोलीत विचारलं की आजी खरं सांगते, हा आमचा अनुभव.

चाळीतले भाडेकरूही मोजायचे आहेत. यावर मंडळात वाद झाला, लपवत नाही. पण गावात राहतो, इथलं पाणी भरतो, तो गावाच्या मोजणीत नको कसा?

आम्हाला हवे आहेत रविवारचे चार तास देऊ शकणारे कॉलेजचे मुलं-मुली आणि एक्सेलमध्ये नोंदी करणारं कुणीतरी. त्याहून जास्त हवेत जुने कागद: भूसंपादनाच्या नोटिसा, सातबारा, जुनी रेशनकार्डं, मिठागराच्या पावत्या. तुमच्या ओटीवर बसून फोटो काढू, कागद घरातून हलणार नाही. आधार किंवा बँकेचा नंबर कोणी विचारणार नाही. विचारला तर तो आमचा माणूस नाही. कुटुंबाची नावं बाहेर जाणार नाहीत, गावासमोर फक्त बेरीज मांडू.

खर्च छपाई, झेरॉक्स, फायली आणि पोरांच्या चहा-वड्याचा. रोख दिलीत तर पावती घ्याच. कागदाची रिमं, लिहायचे पॅड, पेनं दिलीत तरी चालेल. मोठी देणगी देऊन फॉर्मवर फोटो छापायची अट मात्र कुणी घालू नये.

गावदेवीच्या देवळाशेजारच्या खोलीत रोज संध्याकाळी ७ ते ९ कोणीतरी असतंच. पहिली फेरी येत्या रविवारी सकाळी ९ ला खालच्या आळीतून निघेल. पाण्याची बाटली आपापली आणावी.

आपले,
ग्रामस्थ मंडळ