कॅमेरा दुरुस्तीचे बिल आणि ‘पार्ट पेंडिंग’

महोदय,

पावसाळा ओसरला की मुंबईतल्या कॅमेरा सर्व्हिस सेंटरांत गर्दी उसळते. दमट हवेत बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सना बुरशी धरलेली असते आणि तुळशीचे लग्न लागले की लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी सुरू होणार म्हणून प्रत्येकाला कॅमेरा तातडीने हवा असतो. या घाईत जॉबशीट (कॅमेरा जमा करताना भरला जाणारा कामाचा कागद) न वाचताच सही होते आणि पुढे बिलावरून, उशिरावरून वाद होतात. यातले बरेच वाद टाळता येण्यासारखे आहेत.

बिलात मुख्यतः पार्टची किंमत, लेबर आणि 18 टक्के जीएसटी असतो. पार्ट 6,200 आणि लेबर 2,400 रुपये असेल, तर 8,600 वर 1,548 रुपये कर लागून 10,148 रुपये होतात. एस्टिमेट फोनवर सांगताना कर बहुतेक वेळा वगळला जातो, तेव्हा ‘सगळे धरून किती’ हे तिथेच विचारावे. पार्टच्या पाकिटावर एमआरपी छापलेली असेल तर तिच्यात कर आलेला असतो. तिच्यावर पुन्हा जीएसटी लावला असेल तर जरूर हरकत घ्यावी. व्यवसायाची जीएसटी नोंदणी असलेल्या फोटोग्राफरांनी आपला क्रमांक जॉबशीटवरच लिहून घ्यावा, म्हणजे इनपुट क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या करातून वजा करण्याची सोय) बुडत नाही.

‘एवढ्याशा बिघाडाला एवढे पैसे?’ हा प्रश्न काउंटरवर रोज ऐकू येतो आणि तो रास्तच आहे. उत्तर असे, की अधिकृत सेंटर सुटा भाग सहसा बदलत नाही, अख्खी असेंब्ली, म्हणजे भागांचा जोडलेला संच, बदलते. अनेक मॉडेलांत एचडीएमआय किंवा यूएसबीचे पोर्ट मेन बोर्डवरच सोल्डर केलेले असते. पोर्ट तुटले की बिल बोर्डाचे येते. बुरशीचेही तसेच. ती वरवर असेल तर लेन्स उघडून पुसून काढता येते, पण काचेवरचे कोटिंग तिने खाल्ले असेल तर पुसून डाग जात नाही, आणि नवी काच बऱ्याचदा एकटी न मिळता काचांचा पूर्ण ग्रुपच घ्यावा लागतो. फोर्टमधले जुने कारागीर नुसते पोर्ट बदलून देतात. वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्याला तो मार्ग अगदी योग्य आहे. वॉरंटीत असलेला कॅमेरा मात्र बाहेर उघडू नये.

बिघाड काय आहे याचा थोडा अंदाज घेऊन गेल्यास एस्टिमेट पारखता येते. कॅननवर ‘एरर 01’ आली, म्हणजे बॉडी आणि लेन्सचा संवाद तुटला. आधी सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या मऊ कापडाने पुसावेत. मग अॅपर्चर (लेन्समधले पात्यांनी लहानमोठे होणारे छिद्र) पूर्ण उघडे ठेवून फोटो काढावा, नंतर एफ/8 वर, म्हणजे छिद्र लहान करून. उघड्यावर फोटो निघतो आणि एफ/8 वर, विशेषतः झूमच्या ठरावीक जागी, एरर येते, असे असेल तर बहुधा लेन्समधली अॅपर्चरची फ्लेक्स केबल (पातळ, लवचिक पट्टी) तडकलेली असते. झूम फिरवताना ती दर वेळी दुमडते, म्हणून जाते. अॅपर्चर पूर्ण उघडे असताना पात्यांना हलावे लागत नाही, म्हणून तेव्हा दोष दिसत नाही. अशा लेन्ससाठी कोणी बॉडीचा मेन बोर्ड बदलायला सांगितला, तर दुसऱ्या लेन्सवर तीच बॉडी तपासून दाखवा म्हणावे. शटर बदलायला सांगितले तर शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चालले तो आकडा, विचारावा. कॅनन 5डी मार्क 4 चे शटर दीड लाख आणि निकॉन डी850 चे दोन लाख क्लिकपर्यंत चाचणी केलेले आहे. त्याआधीही ते जाऊ शकते, पण काउंट कळला की बोलणे मुद्द्याचे होते.

आता उशिराबद्दल. ‘पार्ट पेंडिंग’ या एका शेऱ्याखाली तीन वेगळ्या अवस्था दडतात: ग्राहकाची मंजुरी यायची आहे, ऑर्डर अजून गेलेली नाही, किंवा ऑर्डर गेली पण माल यायचा आहे. म्हणून ‘कधी मिळेल’ असे न विचारता ‘पार्ट नंबर काय आणि ऑर्डर कोणत्या तारखेला गेली’ असे विचारावे. मंजुरी फोनवर न देता ईमेलवर द्यावी आणि ‘अमुक रकमेपुढे गेल्यास पुन्हा विचारा’ असे त्यातच लिहावे. खाऱ्या पाण्यात पडलेल्या कॅमेऱ्याचे एस्टिमेट उघडल्यावर वाढते, कारण गंज आत पसरत जातो. तिथे ही मर्यादा फार उपयोगी पडते. काढलेला जुना पार्ट परत हवा असेल तर तेही आधीच लिहावे.

केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम 170 ने कारागिराला दिला आहे. तेव्हा वाद असला तरी रागाने बिल थकवण्यात अर्थ नाही. लेखी हरकत नोंदवून पैसे भरावेत, कॅमेरा सोडवावा आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते.

सर्व्हिस सेंटरांकडे एकच मागणी आहे: जॉबशीटवर मंजुरीची, पार्टच्या ऑर्डरची आणि पार्ट आल्याची तारीख असे तीन रकाने छापावेत व ते ग्राहकाला दिसावेत. त्याला वेगळा खर्च नाही.

– एक कॅमेरा तंत्रज्ञ, दादर, मुंबई