सभागृहाची वीज आणि घरची काळजी

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. मी इथे ब्रिटनमध्ये सुखरूप आहे, प्रकृती चांगली आहे आणि माझी काळजी करावी असे काहीही नाही. नव्या कामाविषयी मात्र तुम्ही दोघांनी इतके प्रश्न विचारले आहेत की या वेळी त्याबद्दलच सविस्तर लिहिते.

एका जुन्या इमारतीचे समारंभ आणि परिषदांसाठीचे सभागृह होत आहे. तिला वीज किती लागेल, ती कुठून घ्यावी आणि आत कशी वाटावी याचा आराखडा माझ्याकडे आहे. बाबा, आधी जोडभार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांची एकूण मागणी, मांडायचा, मग त्यातला एका वेळी किती चालेल हे पाहायचे, ही रीत मी तुमच्याकडूनच शिकले. कारखान्यात ती पुरते, कारण यंत्रे ठरलेली असतात. सभागृहात उद्या कोण काय घेऊन येईल हे आज कोणालाच माहीत नसते. सकाळी वक्ता, प्रोजेक्टर आणि श्रोत्यांचे लॅपटॉप एवढाच भार असतो, संध्याकाळी त्याच जागी रंगमंचाचे दिवे, ध्वनियंत्रणा आणि एलईडी पडदा येतो, आणि प्रदर्शन भरले की प्रत्येक स्टॉलला स्वतंत्र जोडणी लागते. म्हणून मी उपकरणांची यादी करण्याआधी कार्यक्रमांची यादी केली आणि प्रत्येक कार्यक्रमातला सर्वांत जड अर्धा तास कोणता, हे शोधले.

परिषदेत तो अर्धा तास बहुतेक वेळा चहाच्या सुट्टीचा निघतो. पाणी तापवण्याचे एक मोठे भांडे ३ किलोवॅटचे असते, म्हणजे २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर घेते. अशी दहा भांडी एकाच फेजवर, म्हणजे पुरवठ्याच्या तीन वीजवाहक तारांपैकी एकीवरच, आली तर १३० अँपिअर होतात, आणि त्याच वेळी स्वयंपाकघर व वातानुकूलन दोन्ही चालू असतात. मीटर अर्ध्या तासाची सरासरी मागणी नोंदवतो, त्यामुळे कागदावर सगळे बसते आहे असे वाटते. पण एमसीबीला, म्हणजे जादा प्रवाह झाला की सर्किट तोडणाऱ्या स्विचला, त्या सरासरीशी काही देणेघेणे नसते, थोड्या मिनिटांचा जादा प्रवाहही त्याला ट्रिप व्हायला पुरतो. म्हणून मंजूर क्षमतेचा हिशेब आणि प्रत्येक सर्किटचा हिशेब मी वेगवेगळे मांडते.

रंगमंचासाठी दिवे, ध्वनी आणि पडदा यांना तीन स्वतंत्र पुरवठे ठेवले आहेत, म्हणजे दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरची घरघर ध्वनीत शिरणार नाही आणि एक पुरवठा बंद पडला तरी बाकीचे दोन चालू राहतील. ६३ अँपिअरच्या तीन फेज जोडणीतून सुमारे ४३ केव्हीए (वीजक्षमतेचे माप) मिळतात आणि १२५ अँपिअरच्या जोडणीतून सुमारे ८६, या मापाने कोणत्या कोपऱ्यात कोणती जोडणी ठेवायची ते ठरवले. न्यूट्रलच्या, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेच्या, बाबतीत मात्र मी अडून बसले. बाबा, तुमच्या काळात साडेतीन कोअरची, म्हणजे अर्ध्या जाडीच्या न्यूट्रलची, केबल सर्रास टाकली जायची, कारण तिन्ही फेजवरचा भार समान असला की न्यूट्रलमध्ये फारसे काही उरत नसे. आताच्या एलईडी दिव्यांमुळे आणि संगणकांच्या पॉवर सप्लायमुळे तिनाच्या पटीतल्या हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट, नऊपट अशा जादा लहरी, तयार होतात. त्या एकमेकींना रद्द करत नाहीत, उलट न्यूट्रलमध्ये त्यांची बेरीज होते. तिन्ही फेज अगदी समतोल असूनही न्यूट्रल तापू शकतो, कधी कधी फेजपेक्षा जास्त. म्हणून मी पूर्ण जाडीचा न्यूट्रल मागितला, आणि खर्च वाढतो अशी कुरबुर झाली तरी तो आराखड्यात राहिला.

लॅपटॉपचेही असेच आहे. बऱ्याच अडॅप्टरमधून थोडासा प्रवाह अर्थिंगकडे झिरपत असतो. गळती पकडून वीज तोडणाऱ्या ३० मिलिअँपिअरच्या एकाच संरक्षक स्विचवर भरपूर लॅपटॉप लावले, तर कुठेही बिघाड नसताना तो भर भाषणात बंद पडू शकतो. इथल्या नियमांप्रमाणे नेहमीची गळती त्याच्या ३० टक्क्यांच्या आत, म्हणजे ९ मिलिअँपिअरपर्यंतच ठेवावी लागते. त्यामुळे श्रोत्यांच्या रांगा मी लहान लहान सर्किटांत विभागल्या.

आता इथली एक रीत सांगते, जी वाचून बाबा चकित होतील. पूर्वी इथेही आपल्यासारखेच लाल, पिवळा, निळा हे फेज आणि काळा न्यूट्रल असे. २००४ मध्ये युरोपातल्या इतर देशांशी जुळवून घेण्यासाठी रंग बदलले आणि ३१ मार्च २००६ नंतर सुरू झालेल्या कामांना नवे रंग सक्तीचे झाले. आता तपकिरी, काळा आणि करडा हे फेज आहेत आणि निळा न्यूट्रल आहे. नीट लक्ष द्या: काळी वायर, जी न्यूट्रल म्हणून आपल्या डोळ्यांत बसली आहे, ती आता फेज असू शकते, आणि निळी, जी फेज होती, ती न्यूट्रल झाली आहे. पण जुन्या वायरिंगला कोणी हात लावलेला नाही. त्यामुळे या सभागृहात एकाच पॅनेलमध्ये वरच्या बाजूने जुन्या रंगांची केबल येते आणि खालून नव्या रंगांची निघते. दोन काळ्या वायरी शेजारी शेजारी दिसतात. एक न्यूट्रल, दुसरी फेज. अशा पॅनेलवर दोन रंगपद्धती असल्याची सूचना चिकटवलेली असते आणि टोकांना अक्षरांच्या खुणा असतात. हिरवा-पिवळा अर्थिंगचा रंग तेवढा दोन्ही पद्धतींत सारखाच आहे. आराखड्यात मी प्रत्येक वायरचा रंग लिहिला, शिवाय तिचे काम शब्दांत लिहिले, कारण या इमारतीत नुसत्या रंगावर विसंबणे मला मान्य नाही.

आई, हे वाचून तुझी काळजी वाढेल, म्हणून लगेच सांगते. माझे बहुतेक काम टेबलावरचे आहे. पॅनेल उघडायची वेळ आली की आधी पुरवठा बंद होतो, स्विचला कुलूप लागते आणि त्या कुलपाची किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात राहते. मग तपासणीचे उपकरण चालू पुरवठ्यावर पारखून घ्यायचे, त्याने वायरीत वीज उरलेली नाही हे पाहायचे आणि उपकरण पुन्हा पारखायचे. घाई असली तरी यातली एकही पायरी कोणी गाळत नाही. रात्रीच्या कामाला मी एकटी कधीच नसते. तेव्हा ‘मुलीच्या जातीने हे कशाला’ असे जे कोणी तुला म्हणाले असेल, त्यांना हे सगळे वाचून दाखव.

राहिला वाढीव पुरवठ्याचा प्रश्न. वीज वाहून नेणाऱ्या कंपनीकडून जादा क्षमता मिळायला महिनोन्महिने लागतात, कधी नवा ट्रान्सफॉर्मरही बसवावा लागतो, म्हणून अर्ज सुरुवातीलाच दिला. पार्किंगमध्ये गाड्या चार्ज करण्याची सोयही आतापासूनच धरली आहे, कारण साधा चार्जरसुद्धा ७.४ किलोवॅटचा असतो. रोजच्या गरजेपेक्षा जड कार्यक्रमांसाठी बाहेर जनरेटरची जागा आणि जोडणी ठेवली आहे. मात्र फार मोठा जनरेटर अगदी हलक्या भारावर तासन् तास चालवणे डिझेल इंजिनाला मानवत नाही, म्हणून एका मोठ्याऐवजी दोन मध्यम जोडता येतील अशी व्यवस्था सुचवली. आपत्कालीन दिव्यांच्या बॅटऱ्या या सगळ्यापासून वेगळ्या आहेत.

नवा पुरवठा जोडण्याचे दिवस सभागृह रिकामे असतानाच मिळतात, आणि ते नेमके धाकट्याच्या लग्नाच्या आठवड्यात आले आहेत. मी दुसरी तारीख मागून पाहिली, पण बुकिंगमुळे ती मिळाली नाही. लग्न झाल्यावर मी येईन आणि राहीन, पण लग्नाला नसेन. घरात माझे हात हवे असताना मी दुसऱ्यांच्या समारंभांची वीज मोजते आहे, हे मनाला लागते. आई, तू पत्रात याबद्दल एक शब्दही लिहिला नाहीस, त्याने जास्त लागले.

बाबा, लग्नाच्या कार्यालयाच्या व्यवस्थापकांना मंजूर भार किती, जनरेटर किती केव्हीएचा आणि तो आला की नेमके कोणते दिवे व पंखे चालू राहतात, एवढे विचारून घ्या. रोषणाई तिन्ही फेजवर वाटायला सांगा, आणि जिथून माणसे चालतात तिथे टेप गुंडाळलेले जोड सतरंजीखाली असू नयेत. वेगळा जनरेटर भाड्याने घ्यावा लागला तर त्याचे पैसे या महिन्याच्या रकमेत जास्तीचे पाठवले आहेत. ते शिल्लक टाकू नका, परतही करू नका.

आत्याने सुचवलेल्या स्थळाबद्दल मी नाही म्हटलेले नाही. मुलाशी मी स्वतः बोलेन आणि माझे काम असेच चालू राहील हे त्याला आधीच सांगेन. त्यानंतर तुम्हाला कळवीन. तोपर्यंत आत्याला शब्द देऊ नका.

जनरेटरची क्षमता आणि तिथून मांडवापर्यंतचे अंतर लवकर कळवा, म्हणजे केबल किती जाडीची लागेल ते मी काढून पाठवते.

आपली नम्र कन्या