चंद्रोदय फक्त संकष्टीलाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त कंडक्टर. नोकरीतली बरीच वर्षं बेळगाव-कारवार गाडीवर तिकिटं फाडण्यात गेली. पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आपल्या अंकात परवा एका सहलवाल्यांची जाहिरात होती. कोजागरीला समुद्रकिनारी आकाशदर्शन, सोबत मसाला दूध आणि डीजे. दूध ठीक आहे, डीजेही एकवेळ ठीक आहे. ताऱ्यांचं काय होतं ते मला विचारा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सहलीहून माझा नातू परत आला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, आभाळात आठ तारे असतात. मी मोजले.’’ पैसे भरले होते, पावती आहे.

पौर्णिमेला तारे दाखवायला नेणं म्हणजे मे महिन्यात गोकाकचा धबधबा दाखवायला नेणं. चांदणं आणि चांदण्या एकाच रात्री मिळत नाहीत. चांदण्याला मी नावं ठेवत नाही. रवींद्रनाथ टागोर तरुणपणी कारवारला राहिले होते, त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथे न्यायाधीश होते. चांदण्या रात्री काळी नदीतून नावेने केलेल्या फेरीबद्दल टागोरांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण ते काही आकाशदर्शनाची पावती फाडून गेले नव्हते.

नातवाचे आठ तारे मला झोपू देईनात. माझी आई अंगणात पडल्या पडल्या सप्तर्षी दाखवायची. तिच्या भाषेत ती म्हातारीची बाज, आणि मागचे तीन तारे म्हणजे बाज चोरायला आलेले चोर. मृगाच्या पोटातले तीन तारे तिकांडं. आता आमच्या वडगावातल्या गच्चीवरून तिकांडं दिसतं, बाजेचा एखादा पाय दिसतो. शेवटी गल्लीतल्या पोरांना आणि त्यांच्या आईबापांना गोळा करून मीच एक सहल काढली.

समुद्रच कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. जांबोटी, कणकुंबीकडे अंधार कमी आहे का? नाही, अंधार भरपूर आहे. पण तिथे चारी बाजूंनी झाडं आणि डोंगर, आणि मला पोरांना त्रिशंकू दाखवायचा होता. चार ताऱ्यांचा हा पतंग दक्षिणेला अगदी खाली असतो. आपल्या बाजूला त्याचा सगळ्यात खालचा तारा क्षितिजापासून जेमतेम १२ अंशांवर येतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, म्हणजे सव्वा मूठ. दिल्लीवाल्यांना तर तो तारा दिसतच नाही. ते खालचं आभाळ बघायचं तर समोर काही आडवं नको, म्हणून किनारा. (लोंबकळणारा त्रिशंकू सीमाभागातल्या माणसाला वेगळा दाखवायला नको म्हणा.)

पंचांग बघून चैत्र अमावास्या धरली आणि घरोघरी विरोध सुरू झाला. शेजारच्या आक्का म्हणाल्या, ‘‘अवसेचं घाट उतरायला निघालायसा? शानी माणसं तुम्ही!’’ मी म्हटलं, लक्ष्मीपूजन कुठल्या तिथीला करता? वेळ अमावास्येला शेतात जाऊन जेवता ना? त्यावर त्यांचं म्हणणं, ते जेवण असतंय, हे भटकणं आहे. तरी २२ जण निघालो. ड्रायव्हरने गाडीला नवीन लिंबू-मिरची बांधली, मी काही बोललो नाही.

गेलो माजाळीला. कारवारच्या उत्तरेला, गोव्याच्या हद्दीजवळ. जागा सुंदर. अंधार पडला तेव्हा मृग पश्चिमेला उतरला होता आणि अगस्त्याचा तारा नैऋत्येला पाण्याच्या वर लुकलुकत होता. ज्या ऋषीने समुद्र पिऊन टाकला, तो साडेनऊच्या आत त्याच समुद्रात बुडाला. पोरं खूश. पण त्रिशंकू वर यायला लागला तसं माझ्या लक्षात आलं की दक्षिणेला कारवार शहर आहे, बैतकोलचं बंदर आहे, आणि ह्या सगळ्यांचा उजेड नेमका त्रिशंकूच्या पायाखाली. खालचा तारा त्या पिवळट धुरकट पट्ट्यात गेला तो गेलाच. इतकी वर्षं त्या रस्त्यावरून फिरलो, पण गाव आपल्या कुठल्या अंगाला येतं हा विचार कधी केला नव्हता. दक्षिणेचं आभाळ बघायचं तर गाव उत्तरेला, आपल्या पाठीशी हवं.

दुसरी फजिती अकराच्या पुढे झाली. चटया अंथरून सगळे आडवे झालेले, निम्मी पोरं पेंगत होती, आणि पाणी आलं. दोन चटया भिजल्या, एक चप्पल कायमची गेली. रापणीच्या होडीजवळ बसलेले एक म्हातारे काका आमची पळापळ बघत होते. त्यांनी हिशेब सांगितला : तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अमावास्या म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. शिवाय अवसेला उधाण, पाणी जास्तच वर येतं. ‘‘पंचांग बघून आलात ना?’’ त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. अर्धंच बघितलं होतं.

परतीच्या वाटेवर त्या पाऊणपटीवर विचार करत बसलो आणि उत्तर सापडलं : वद्य दशमी. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. वद्य दशमीला तो रात्री अडीचच्या सुमाराला वर येतो, तोवर आभाळ अमावास्येइतकंच काळं. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे संध्याकाळी भरती होऊन जाते आणि दीडच्या सुमारापर्यंत पाणी मागे मागे सरकतं, तेही उधाणाचं नव्हे. वर घरातल्या बायकांची अवसेची हरकत आपोआप मिटते. एकादशीही चालली असती, पण गल्लीत माळकरी घरं आहेत आणि २२ जणांची साबुदाण्याची खिचडी गाडीत कोण सांभाळणार?

पुढच्या वर्षी चैत्र वद्य दशमीला यल्लापूरवरून अरबैल घाटाने उतरून अंकोल्याच्या दक्षिणेला गेलो, गंगावळी नदी समुद्राला मिळते त्या बाजूला. पोलीस ठाण्यात आधी कळवलं, ते करावंच. समोर गोकर्णाचा थोडा उजेड होता, पण कारवारच्या मानाने काहीच नाही. पोहोचल्यावर सगळ्यांचे मोबाइल माझ्या जुन्या कातडी तिकीटपिशवीत जमा केले. कुरकुर झाली, पण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एकाने मेसेज बघितला की शेजारच्या चौघांची वीस मिनिटं वाया. बॅटरीला लाल जिलेटीन पेपर बांधला होता, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. लाल उजेडाने डोळे फारसे दिपत नाहीत. दुर्बीण कोणाकडेच नव्हती, लागलीही नाही. अकरानंतर त्रिशंकू सरळ उभा राहिला, चारही तारे, आणि त्याच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन ठळक तारे. पूर्वेला विंचू निम्मा वर आलेला. मागे वळून बघितलं तर बाज आणि तिचे तिन्ही चोर. नातवाने मोजायला सुरुवात केली आणि कुठेतरी दोनशेच्या पुढे नाद सोडला.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या अंकात रोज तिथी, नक्षत्र, राहुकाळ असतो. चंद्रोदय मात्र तुम्ही फक्त संकष्टीला छापता, तोही गावोगावचा. तोच चंद्र बाकीच्या दिवशीही उगवतो. रोजच्या चौकटीत बेळगावचा चंद्रोदय-चंद्रास्त आणि कारवारची भरतीची वेळ, एवढ्या दोनच ओळी वाढवा. सीमाभागातली निम्मी सहलकरी मंडळी सुट्टी लागली की कारवार, अंकोला नाहीतर गोकर्ण गाठतात, त्यांना भरतीची वेळ तारे नसले तरी उपयोगी पडेल. आणि आकाशदर्शनाची जाहिरात घेताना तारखेशेजारी तिथी छापायची अट घाला. मग कोजागरीला ज्याला जायचं तो दुधासाठी जाईल.

आणखी एक, जाता जाता. किनाऱ्यावर नवीन उंच दिवे लागतायत, त्यांचा निम्मा उजेड आभाळात जातो. त्यांना वरून टोपी घालायला फार खर्च येऊ नये. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा समुद्रावरचे दिवे आपोआप जातात, पण तेव्हा वर ढग. नशीब बघा.

आमची पुढची सहल पौष वद्य दशमीला आहे, त्याच जागी. त्रिशंकू त्यासाठी मध्यरात्रीनंतरपर्यंत जागावं लागेल, पण मृग डोक्याजवळ आणि अगस्त्य दहा-अकराच्या सुमाराला आपल्या सगळ्यात वरच्या जागी, दोन मुठींच्या थोडा वर. दव फार पडतं, कानटोपी आणि घोंगडं लागेल. तो कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम आहे, त्यामुळे ह्या वेळी वाळूवर लाल बॅटरीसुद्धा नाही. सहलवाल्यांपैकी कोणाला बघायला यायचं असेल तर गाडीत दोन सीट शिल्लक आहेत. मोबाइल पिशवीत द्यावा लागेल.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर,
वडगाव, बेळगाव