टेरारियाच्या जगाला कडा आहे, हेच त्याचे बळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या संगणकीय खेळांविषयी आलेला लेख वाचला. मुलांनी नुसत्या गोळ्या झाडण्यापेक्षा काहीतरी उभारण्याचे खेळ खेळावेत, हा त्या लेखाचा रोख मला मनापासून पटला. मात्र अशा खेळांचा विषय निघाला, की आपल्याकडची चर्चा माइनक्राफ्टपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. त्याच जातकुळीतल्या टेरारियाचा उल्लेख झालाच, तर ‘माइनक्राफ्टची सपाट नक्कल’ एवढ्यावर त्याची बोळवण केली जाते. मी शाळेत संगणक विषय शिकवते आणि हे दोन्ही खेळ मुलीबरोबर आणि एकटीनेही भरपूर खेळले आहे. दोन्ही खेळ उत्तम आहेत, याबद्दल शंका नाही. तरीही त्यांतला सरस खेळ टेरारिया आहे असे माझे मत आहे, आणि त्याच्या जगाला असलेली मर्यादा, जी सहसा त्याची उणीव म्हणून सांगितली जाते, तीच मला त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. माइनक्राफ्ट हा स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांचा खेळ. तो २००९ साली लोकांपुढे आला आणि त्याची पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये निघाली. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने मोजांग ही त्यामागची कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली आणि २०२३पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. टेरारिया अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या री-लॉजिक या छोट्या कंपनीचा. अँड्र्यू स्पिंक्स यांनी २०११च्या जानेवारीत काम सुरू केले आणि त्याच वर्षी १६ मे रोजी खेळ विक्रीला आला. त्याच्याही ४ कोटी ४० लाखांहून अधिक प्रती २०२२पर्यंत विकल्या गेल्या होत्या. दोन्हींत खेळणारा रिकाम्या हाताने एका जगात उतरतो, झाड तोडतो, जमीन खणतो, मिळालेल्या मालातून अवजारे करतो आणि रात्र पडण्याआधी निवारा उभारतो. फरक असा, की माइनक्राफ्टच्या जगात आपण चारी दिशांनी फिरतो, तर टेरारियाचे जग कडेने पाहायचे असते. विहीर खणताना तिच्या भिंतीत मातीचा, मुरमाचा, खडकाचा थर एकाखाली एक उघडा पडतो, तसे ते दिसते.

आता मर्यादेच्या मुद्द्याकडे येते. दोन्ही खेळांतली जगे चौकोनी ठोकळ्यांची बनलेली असतात. माइनक्राफ्टचे जग मध्यापासून प्रत्येक दिशेला ३ कोटी ठोकळे पसरलेले असते. एक ठोकळा म्हणजे एक मीटर, हे धरले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ६०,००० किलोमीटर होतात, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या दीडपट. उलट टेरारियाचे लहान जग ४,२०० ठोकळे रुंद आणि १,२०० ठोकळे खोल, तर मोठ्यांत मोठे जग ८,४०० रुंद आणि २,४०० खोल असते. दोन्ही बाजूंना समुद्र, तळाला लाव्हाने भरलेले पाताळ आणि वर आकाश, एवढाच कारभार. आकडे शेजारी ठेवले तर माइनक्राफ्टचा विजय उघड आहे, आणि बहुतेक तुलना इथेच थांबतात.

परंतु जवळजवळ अमर्याद जगात एक गोष्ट घडते, जी मी मुलांच्या बाबतीत वारंवार पाहिली आहे. क्रीपर नावाचा तो हिरवा प्राणी येऊन घराची अर्धी भिंत उडवून गेला, खाणीतले लोखंड संपले, किंवा आधी बांधलेल्या घराचा कंटाळा आला, तर मूल उठते आणि पुढे चालू लागते. पुढे नवीन डोंगर आहे, नवीन जंगल आहे, आणि मागे सोडलेल्या जागेचे काय झाले हे विचारणारे कोणी नाही. खरे तर मागे काही होतही नाही, कारण खेळणारा दूर गेला की तो भाग तिथेच थिजतो. टेरारियात ही सोय नाही. त्याच्या जगात सुरुवातीपासून एक दूषित पट्टा असतो, कुठे जांभळा तर कुठे रक्तासारखा लाल, आणि तो गवतातून, मातीतून सरकत राहतो. खेळाच्या पूर्वार्धात त्याचा वेग फारसा जाणवत नाही. पाताळातला ‘वॉल ऑफ फ्लेश’ हा महाकाय शत्रू मारला, की मात्र जगात आणखी एक दूषित पट्टा तिरपा उमटतो, खडक आणि वाळूसुद्धा बाधित होऊ लागतात, आणि आपण कष्टाने उभारलेली वस्ती धोक्यात येते. म्हणजे पूर्वार्धातली सर्वांत मोठी जीत मिळवल्यावर जग आधीपेक्षा बिकट होते, आणि त्याला कारणीभूत आपणच असतो. जगाला कडा असल्यामुळे तिथून निघून जायलाही जागा उरत नाही.

मग मुले काय करतात, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ती वस्तीच्या दोन्ही अंगांना वरपासून पाताळापर्यंत रुंद चर खणतात, कारण दूषण थोडी फट ओलांडू शकते, रुंद चर ओलांडू शकत नाही. ती ड्रायड नावाच्या वनकन्येला वस्तीत ठेवतात, कारण जगाचा किती टक्के भाग बाधित झाला आहे हे ती विचारल्यावर सांगते. पुढे माती शुद्ध करणारे फवारणी यंत्र मिळते, आणि मग आठवडाभरात तो टक्का किती उतरला, हा घरातल्या चर्चेचा विषय होतो. माझ्या मुलीने वहीत त्याचा तक्ता केला होता. तो करायला तिला कोणी सांगितले नव्हते. नवे जग उघडून आधीचे टाकून देता येते, हा आक्षेप कोणी घेईल आणि तो बरोबरही आहे. पण ज्या जगात चर खणले, घरे बांधली, माणसे वसवली, ते जग मुले सहजासहजी टाकत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

बांधकामाच्या बाबतीत माइनक्राफ्ट निर्विवाद पुढे, असे मानले जाते. देखण्या वास्तूंपुरते मी ते मान्य करते. तिसरी मिती नसताना घुमट आणि कमानी उभारण्याचा तो आनंद टेरारियात मिळत नाही. पण बांधायचे कशासाठी, या प्रश्नाला टेरारियाचे उत्तर अधिक भक्कम आहे. माइनक्राफ्टमध्ये रात्र काढायला डोंगरात खणलेले बीळ पुरते, त्यापुढचे सारे हौसेचे. टेरारियात दुकानदार, परिचारिका, शस्त्रविक्रेता, चित्रकार अशी माणसे येतात ती घर असेल तरच, आणि घर म्हणजे नुसता आडोसा चालत नाही. त्याला मागची भिंत हवी, दार हवे, दिवा हवा, टेबल हवे, खुर्ची हवी. एखादी भिंत अर्धवट राहिली की खेळ घर नामंजूर करतो आणि मूल परत जाऊन चूक शोधते. २०२०च्या मोठ्या सुधारणेपासून तर या माणसांना आवडीनिवडीही आल्या. दुकानदाराला रान आवडते, वाळवंट आवडत नाही. परिचारिकेला शस्त्रविक्रेत्याचा शेजार फार प्रिय. एकाच जागी फार गर्दी केली तर सगळेच कुरकुरतात आणि मालाचे भाव चढतात. खूश ठेवली तर तीच माणसे दूर अंतरावर क्षणात पोहोचवणारे खांब विकतात. त्यामुळे मूल जगभर छोट्या छोट्या वस्त्या वसवू लागते, आणि कोणाला कुठे ठेवायचे याचा विचार करू लागते. माइनक्राफ्टमधल्या गावकऱ्यांना खाट आणि कामाची जागा दिली, की त्यांच्याशी व्यवहार करता येतो हे खरे, परंतु शेजार नावाची गोष्ट तिथे एवढी मोलाची नाही.

एका बाबतीत मात्र मी शिक्षिका म्हणून माइनक्राफ्टला मनापासून मान देते, आणि ती म्हणजे रेडस्टोन. ही लाल भुकटी जमिनीवर ओळीने पसरली, की तिच्यातून विजेसारखा संकेत वाहतो. तो दर ठोकळ्यागणिक क्षीण होत पंधरा ठोकळ्यांनंतर संपतो. पुढे न्यायचा तर मध्ये संकेताला पुन्हा पूर्ण जोर देणारा रिपीटर बसवावा लागतो. रेडस्टोनची मशाल ज्या ठोकळ्यावर लावली असेल, त्या ठोकळ्यात संकेत आला की ती विझते. एवढ्याशा नियमातून ‘नॉट’ गेट, म्हणजे आलेला संकेत उलटा करणारी जोडणी, तयार होते, त्यातून पुढे तर्काची बाकीची गेट्स, आणि चिकाटी असलेल्यांनी त्यांच्यातून चालती गणकयंत्रेसुद्धा उभी केली आहेत. टेरारियातही चार रंगांच्या तारा आहेत, कळा आहेत आणि तर्काची गेट्सही आहेत, पण तिथे गेट तयार वस्तू म्हणून हातात येते. माइनक्राफ्टमध्ये ते शोधून काढावे लागते. नववीच्या वर्गात फळ्यावर सत्यता सारणी, म्हणजे कोणत्या संकेताला गेटचे कोणते उत्तर येते त्याचा तक्ता, मांडताना ज्यांनी आधी ती मशाल विझताना पाहिली आहे, त्यांचे डोळे वेगळे चमकतात. त्याखेरीज २०१२पासून संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेबरोबर जो उपक्रम या खेळाने चालवला, ज्यात नैरोबीच्या किबेरासारख्या वस्त्यांतल्या रहिवाशांनी आपल्या सार्वजनिक जागेचे आराखडे खेळातच मांडले, तशी कामगिरी टेरारियाच्या नावावर नाही. हे श्रेय माइनक्राफ्टचेच.

परंतु साधन म्हणून उपयोगी असणे आणि खेळ म्हणून सरस असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. खेळात चढण हवी. माइनक्राफ्टची चढण लाकूड, दगड, लोखंड, हिरा, नेदराइट अशी थोडक्यात आटोपते, आणि सरावलेला मुलगा दोन-तीन दुपारींत हिऱ्यापर्यंत पोहोचतो. टेरारियात तांबे किंवा कथिल इथपासून सुरुवात करून पाताळातल्या धगधगत्या धातूपर्यंत यायचे, आणि मग उत्तरार्धात कोबाल्टपासून पुन्हा नवी शिडी. प्रत्येक पायरीगणिक हालचाल बदलते. आधी नुसती उडी, मग आकडीची दोरी, मग हवेत झेप घेणारे बूट, शेवटी पंख. ज्या गुहेत पहिल्या दिवशी जीव मुठीत धरून उतरलो, तिच्यावरूनच नंतर उडत जाताना आपण किती पुढे आलो ते अंगाला कळते.

हरण्याची शिक्षाही टेरारियात अधिक शहाणपणाने ठरवलेली आहे. माइनक्राफ्टच्या नेहमीच्या रीतीत मेल्यावर जवळची प्रत्येक वस्तू तिथेच सांडते, आणि त्या जागेजवळ पोहोचल्यावर पाच मिनिटांत ती उचलली नाही तर नाहीशी होते; लाव्हात पडले तर प्रश्नच मिटला. त्यापायी रडलेली मुले मी पाहिली आहेत. टेरारियात साध्या पातळीवर फक्त नाणी गळतात. ज्यांना कडक शिक्षा हवी आहे, त्यांना ती पात्र निर्माण करतानाच निवडता येते. शिवाय तिथे पात्र आणि जग वेगवेगळे साठवलेले असतात, त्यामुळे मूल आपली कुदळ आणि चिलखत घेऊन मैत्रिणीच्या जगात मदतीला जाऊ शकते आणि परत येऊ शकते.

घरखर्चाचाही विचार व्हायला हवा. टेरारिया एकदा विकत घेतला की संपले. त्यात आतून काही विकले जात नाही, आणि २०११पासूनची प्रत्येक मोठी सुधारणा फुकट मिळाली आहे. माइनक्राफ्टच्या सुधारणाही फुकटच असतात, पण मोबाइलवर चालणाऱ्या आवृत्तीत खऱ्या पैशांनी घेतलेल्या नाण्यांवर चालणारे दुकान उघडे असते आणि मुलांचा हट्ट तिथे सुरू होतो. त्यातच टेरारिया जुन्या, मंद संगणकावरही सुरळीत चालतो. आपल्याकडे कित्येक घरांत मुलांच्या वाट्याला मोठ्यांनी वापरून झालेला लॅपटॉप येतो, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट क्षुल्लक नाही.

टेरारियाच्या उणिवाही सांगायला हव्यात. युरोपातील वयनिर्देशानुसार माइनक्राफ्ट ७ वर्षांवरील, तर टेरारिया १२ वर्षांवरील मुलांसाठी आहे, आणि तो निर्देश योग्य आहे, कारण टेरारियात लढाई जास्त आणि काही दृश्ये भीतिदायक आहेत. रक्त दाखवणे बंद करण्याची सोय आहे, पालकांनी ती आधी वापरावी. खेळात वाचायचे फार असते आणि तो एकाही भारतीय भाषेत उपलब्ध नाही, ही मराठी माध्यमातल्या मुलांसाठी मोठी अडचण आहे. लहान मुलांच्या हाती पहिला खेळ म्हणून मीही माइनक्राफ्टच देईन.

तरीही टेरारियातला एक प्रसंग असा आहे, की त्याच्या तोडीचे मला माइनक्राफ्टमध्ये काही सापडलेले नाही. पहिल्या दिवसापासून आपल्याबरोबर गाइड नावाचा एक माणूस असतो. कोणतीही वस्तू त्याला दाखवली, की तिच्यापासून काय काय बनते हे तो सांगतो. आपण पहिले घर बांधतो तेही बहुधा त्याच्यासाठीच. पुढे पाताळात त्याची एक बाहुली सापडते, आणि ती लाव्हात टाकल्याशिवाय वॉल ऑफ फ्लेश उठत नाही. बाहुली टाकली की गाइड मरतो. माझी मुलगी ती बाहुली पेटीत ठेवून कितीतरी दिवस दुसरीच कामे करत राहिली. ‘आई, दुसरा मार्ग असेलच ना गं?’ असे तिने विचारले, आणि तसा मार्ग नाही हे कळल्यावर तिने लढाईची पूर्ण तयारी करूनच, एकाच प्रयत्नात काम होईल अशा बेताने बाहुली टाकली. काही वेळाने त्याच घरात दुसऱ्या नावाचा नवा गाइड राहायला येतो. तो आला तेव्हा तिने त्याच्या खोलीतला दिवा बदलला.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लेखन होईल तेव्हा टेरारियाला नक्कल न म्हणता स्वतंत्र खेळ म्हणून जागा द्यावी, त्याचा वयनिर्देश ठळकपणे छापावा आणि हे दोन्ही खेळ प्रत्यक्ष खेळलेल्या मुलांचेही म्हणणे घ्यावे, अशी विनंती आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक शिक्षिका, सांगली