बाई, तुम्ही मला रागावलात म्हणून

आदरणीय बाई,

नमस्कार. दहावीची मार्कशीट हातात आली तेव्हा ती आधी तुम्हालाच दाखवायची होती. पण तुमची बदली झालेली. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

२०१९-२१ च्या सरकारी सर्वेक्षणातला आकडा तुम्हीच वर्गात सांगितला होता. आपल्या बीड जिल्ह्यात शंभरातल्या ४३ हून जास्त मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. त्यातलीच मी. आई-बाबांनी ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली. दसरा झाला की कारखान्यावर जायचं, मग वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? नववीतच लग्न लावलं. पुढच्या वर्षी लेक झाली.

परत शिकायचं म्हटलं तर आधीच्या शाळेतले साहेब म्हणाले, "इतर मुलींनी हिच्याकडून काय घ्यायचं?" आणि दाखला हातात ठेवला. माझं लग्न लागलं तेव्हा त्या शाळेतलं कुणी अडवायला आलं नाही. पंगतीला मात्र जेवून गेले. हे मी विसरणार नाही.

तुम्ही प्रशालेत घेतलंत. सगळे मला बाळंतपण कसं झालं, नवरा काय करतो, हेच विचारायचे. तुम्ही माझी भूमितीची वही उघडलीत आणि भर वर्गात रागावलात, "सिद्धतेत कारणं कुठायत? कंपास का नाही आणला? उद्या पाच वेळा लिहून आण." मला रडू आलं. मुलींना वाटलं, बोलणं मनाला लागलं. तसं नव्हतं बाई. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी शाळेतल्या पोरीसारखं बोललं होतं. त्या रात्री झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मी पाचही वेळा लिहिलं, कारणांसकट.

स्टाफरूममधलं कपाट आडवं लावून तुम्ही मला लेकीला पाजायला कोपरा करून दिलात. शिपाई मावशी मधल्या सुट्टीत तिला मऊ भात भरवायच्या. यासाठी कुणी जीआर काढला नव्हता. माणसं मनानं चांगली असली की असंच वागतात, आणि अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

आता अकरावीला नाव घातलंय. लेक सासूबाई सांभाळतात.

एक काम आहे बाई. आमच्या वस्तीवरच्या एका पोरीला आठवा महिना आहे, यंदा दहावीला होती. तिला तुमच्या जागी आलेल्या सरांकडे घेऊन जाणार आहे. त्यांना आधी एक फोन कराल का?

तुमची विद्यार्थिनी