कोपऱ्यावरच्या शेठना, फार उशिरा

शेठ, नमस्कार.

तुमच्यापर्यंत हे पोचेल की नाही माहीत नाही. दुकान गेलं, तुमचा पत्ता विचारला तर कोणी म्हणतं मुलुंडला मुलाकडे आहेत, कोणी म्हणतं कच्छला गावी गेले. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय, कोणीतरी वाचून दाखवेल तुम्हाला. मी डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतल्या साचेवाल्याची, म्हणजे गिरणीत माग चालवणाऱ्याची तिसरी मुलगी, ती पिशवी घेऊन यायची ती.

१६० फुटांची खोली आणि आम्ही दहा जण, आजी, आईबाबा, पाच बहिणी, दोन भाऊ. दोघं भाऊ पॅसेजमध्ये झोपायचे, बाबा रात्रपाळीहून आले की आमची अंथरुणं गोळा व्हायच्या आत त्यातच आडवे व्हायचे. नऊ वर्षं बदलीत काढली त्यांनी, रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर काम नाहीतर चालत परत. १९७९ ला कायम झाले तेव्हा आईने तुमच्याकडून डालडाचा मोठा डबा आणला होता, पहिल्यांदाच, आणि रिकामा झाल्यावर तो डबा आमच्याकडे वीस वर्षं तांदळाला होता.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. १८ जानेवारी १९८२. अडीच लाख गिरणी कामगार संपावर आणि सगळे म्हणत होते दोन महिन्यांत संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत काहीतरी पदरात पाडून देतील. तो संप मागे घेतल्याचं कोणी कधी जाहीर केलंच नाही, त्यामुळे बाबा गेले तेव्हा माझा भाऊ म्हणाला, बाबा संपावरच गेले. हसावं की रडावं कळेना.

उधारी मागायला मलाच का पाठवायचे ते सांगते. साच्यांच्या खडखडाटात वर्षं काढल्यामुळे बाबांना हळू बोलताच यायचं नाही. ते कानात कुजबुजले तरी समोरच्या फुटपाथला ऐकू जायचं. तुमच्या दुकानात येऊन ते "शेठ, या महिन्याचं जरा" एवढं म्हणाले असते तरी अख्ख्या चाळीला कळलं असतं. तुम्हाला हे न सांगता कळलं होतं. पैशाचं काही बोलायचं असलं की तुम्ही मला म्हणायचात, बाबांना सांग नऊनंतर ये, आणि फळ्या लावून मग बोलायचात दोघं. आत काय बोलणं व्हायचं ते बाबांनी कधी सांगितलं नाही.

तांदूळ, तूरडाळ, रॉकेल, साबण सगळं दिलंत, चौदा महिने. फक्त बिडी नाही. "बिडी रोकडा, भाऊ." बाबा तुमच्यावर जाम चिडायचे, पोरांना भात देतो आणि मला एक बंडल देत नाही म्हणून. पण बिडी सुटली ती तेव्हाच, आणि ते उपकार आईने तुमचे उघडपणे मानले.

एक खरं सांगू का, आम्ही तुम्हाला शिव्यापण दिल्यात. त्या गणपतीच्या आधी तुम्ही पंधरा दिवस उधारी बंद केलीत. मी रिकामी पिशवी घेऊन परत आले तेव्हा आजी जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. खूप वर्षांनी बाबांकडून कळलं की मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याने तुमचाच माल अडवला होता, आमच्यासारखी कितीतरी घरं तुमच्या वहीत होती आणि तुम्ही स्वतः तिकडे हात जोडून उभे होतात. हे तेव्हाच सांगितलं असतंत तर? पण दुकानदार असं सांगत नसतो बहुतेक.

बाबा नंतर भिवंडीला पॉवरलूमवर गेले, आठवड्याने घरी यायचे, आणि दर महिन्याला जमेल तसं, कधी वीस कधी पन्नास, तुमच्या वहीत जमा करायचे. १९८७ ला सगळं फिटलं. त्या रात्री बाबा सोमवारचं काम असूनही भिवंडीला गेले नाहीत, नुसते बसून राहिले, आणि आईला म्हणाले शेठने व्याजाचा विषयच काढला नाही गं. मोठ्याने म्हणाले अर्थात. सगळ्या मजल्याने ऐकलं.

आता माझं. एकदा मी पिशवी भरून झाल्यावर बरणीकडे बघत उभी राहिले, तुम्ही दोन लिमलेटच्या गोळ्या हातावर ठेवल्यात आणि आमच्या छोट्या वहीत लिहिलंत, जिरं, १० पैसे. मग ते दर आठवड्याला व्हायला लागलं. बाबांना बिडी नाही आणि मला गोळ्या, तेही उधारीवर! आई रात्री हिशोब बघताना म्हणायची, एवढं जिरं आपल्या घरात जातं तरी कुठे, फोडणीत तर दिसत नाही. मी तोंडातली गोळी गालात सरकवून गप्प.

आई आता ८४ ची आहे. परवा सांगितलं तिला. म्हणाली, मला माहीत होतं, जिभा हिरव्या असायच्या तुमच्या सगळ्यांच्या. कारण दोन गोळ्या आम्ही सात जण चोखायचो, आळीपाळीने.